खालून फोटो मागवा

वाद्यं, तारा आणि दुरुस्ती : वाचकांचे प्रश्न, आप्पांची उत्तरं

प्रश्न : आप्पा, नमस्कार. मी अमळनेरचा, वय 29, सहकारी बँकेत कारकून. घरात काकांची सहा तारांची, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईन गिटार आहे, तिच्यावर जुनी हिंदी गाणी बसवतो. गेल्या वर्षी मोबाइलवर पेडल स्टील गिटार, म्हणजे पायांनी आणि गुडघ्यांनी तारांचे सूर बदलायची गिटार, ऐकली आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. मावसबहीण अमेरिकेत डॅलसजवळ राहते, डिसेंबरात येतेय आणि घेऊन यायला तयार आहे. नवी परवडणार नाही. जुन्या तीन नजरेत आहेत. पहिली शो-बड मॅव्हरिक : तीन पेडलं, गुडघ्याचा एक लिव्हर, 750 डॉलर. दुसरी कार्टर स्टार्टर : तीन पेडलं, चार लिव्हर, 1200 डॉलर. तिसरी मुंबईतच आहे, ‘पायांवर उभी राहणारी स्टील गिटार, आठ तारा’, 40 हजार रुपये. ही तर रेल्वेने जाऊन आणता येईल. यात रास्त भाव कुठला? बायको म्हणते, आधी आप्पांना विचारा.

उत्तर : बायकोचं ऐकलंत, निम्मं काम झालं. मुंबईचं तिकीट काढलं असेल तर आधी ते रद्द करा.

ती जाहिरात पुन्हा वाचा. पाय आहेत, आठ तारा आहेत, स्टील आहे; ‘पेडल’ हा शब्द कुठे दिसतो का? मी याच खड्ड्यात 2011 साली पडलोय. तेव्हा भुसावळला रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होतो आणि सुटीच्या दिवशी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात हवाईन वाजवायचो. जुनी वाद्यं विकणाऱ्या एकाने फोनवर तीनदा सांगितलं, ‘पेडल आहे साहेब, पेडल आहे.’ रात्रीच्या गाडीने गेलो, 22 हजार मोजले, गाठोडं बांधून आणलं. पेडल खरोखरच होतं. आवाज कमी-जास्त करायचं, वेगळ्या खोक्यात. गिटारीच्या पोटाखाली ना सळई, ना तरफ. आईने ती चार पायांवर उभी बघितली आणि विचारलं, ‘हाई काय लई उना रे? इस्तरीनं टेबल?’ पुढची दोन वर्षं घरात तिला इस्तरीचं टेबलच म्हणायचे.

तसली गिटार म्हणजे कन्सोल स्टील, म्हणजे आपली हवाईनच, मांडीवरून पायांवर चढवलेली. वाद्य वाईट नाही. पण तुम्हाला जे वेड लागलंय ते तिच्यातून निघणार नाही. आणि आपल्याकडे नुसतं ‘स्टील गिटार’ म्हणून काहीही विकलं जातं, अगदी लोखंडी तारा लावलेली साधी उभी गिटारसुद्धा.

ते वेड नेमकं कशाचं ते सांगतो, म्हणजे भावाचा हिशेब समजेल. पेडल स्टीलला दहा तारा. तारा सुरात लावायची जी पद्धत (लावणी) नवशिक्याने धरायची तिला ‘ई नाईन’ म्हणतात. पांढरी तीनचा सा धरा. आठवी तार सा, सहावी ग, पाचवी प, चौथी वरचा सा, तिसरी वरचा ग. पहिलं पेडल दाबलं की पंचमाचा धैवत होतो. दुसरं दाबलं की गंधाराचा मध्यम होतो. दोन्ही एकदम दाबली की सा-ग-प होतं ते सा-म-ध होतं, आणि मधे सा जागचा हलत नाही. हे हवाईनवर होत नाही, कारण तिथे बार, म्हणजे तारांवर सरकवायचा धातूचा दांडा, सरकला की त्याच्याखालच्या सगळ्या तारा एकदम सरकतात. तिसरं पेडल वरच्या सा चा रे करतं आणि त्याच वेळी प चा ध. गुडघ्याचे लिव्हर सा ला खाली निषादावर नेतात, नाहीतर वर कोमल रिषभावर. 1954 साली गाजलेल्या एका अमेरिकन रेकॉर्डवर बड आयझॅक्स नावाच्या वादकाने तार वाजत असतानाच पेडल दाबलं. तोवर पेडल लावणी बदलायला वापरत, त्यानंतर ते मींड घ्यायला वापरू लागले. तुम्ही मोबाइलवर ऐकलंत ते हेच. एक सूर थांबलेला आणि दुसरा त्याच्या शेजारून चढत जाणारा.

आता मॅव्हरिक. नाव मोठं आहे. शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स या दोघांच्या नावांतून ‘शो-बड’ झालं आणि त्या कंपनीच्या चांगल्या गिटारी आजही लोक जपून ठेवतात. पण मॅव्हरिक ही त्यांची शिकाऊ, काटछाट केलेली गिटार. एकच लिव्हर म्हणजे सा ला निषादावर नेता येईल किंवा कोमल रिषभावर, दोन्ही नाही. सहा महिन्यांत तुम्ही ज्या धड्यावर पोचाल तिथे शिकवणारा म्हणेल, ‘आता दुसऱ्या गुडघ्याने.’ तुमचा दुसरा गुडघा मोकळाच. नंतर लिव्हर बसवून घेऊ म्हणाल, तर खानदेशात तो बसवणार कोण? मी बसवला असता, पण सुटे भाग अमेरिकेतून, मजुरी माझी आणि रखडपट्टी तुमची. 750 ला ती महाग आहे. फुकट मिळाली तर घ्या, नाहीतर नको.

माझं ठाम मत असं, आणि यावरून माझ्याशी वाद घालणारे बरेच आहेत : तीन पेडलं आणि चार लिव्हर याच्या खाली उतरू नका. ‘थ्री प्लस फोर’ हेच शब्द जाहिरातीत शोधा. चालू स्थितीतली, या मापाची शिकाऊ जुनी गिटार साधारण 1000 ते 1500 डॉलरच्या दरम्यान मागितली जाते. म्हणजे कार्टर स्टार्टरचे 1200 अवाच्या सवा नाहीत. ती मूळचीच नवशिक्यांसाठी बनवलेली, पण मापात काटछाट न केलेली. अडचण एकच, कंपनी बंद झाली आहे. म्हणून आज जे मोडकं असेल ते मोडकंच धरून भाव करायचा, ‘पार्ट मिळेल’ या आशेवर नाही.

आणि भाव करायचा तर गिटार खालून बघायची. बैलबाजारात शिंगं रंगवलेला बैल सगळेच बघतात, घेणारा दात बघतो. या वाद्याचे दात पोटाखाली आहेत. विकणारा वरून चकाकणारी फळी, रंग, लाकडाच्या रेषा यांचे बारा फोटो टाकतो. तुम्ही तेरावा मागा : गिटार उलटी करून, पूर्ण पोट दिसेल असा, उजेडात. रेल्वेच्या डब्याखाली ब्रेकचं रिगिंग बघितलेल्या माणसाला तो फोटो ओळखीचा वाटेल. पेडलपासून उभी सळई वर जाते, ती आडवा शाफ्ट फिरवते, शाफ्टवरची तरफ लांब सळई ओढते, आणि ती सळई उजव्या टोकाला एका धातूच्या बोटाला खेचते. तार त्या बोटाच्या डोक्यावरून गेलेली असते. बोट झुकलं की तार ताणली जाते. बस, एवढंच यंत्र आहे. फोटोत सळया वाकलेल्या आहेत का, कुठे सळई नुसतीच लोंबतेय का, तरफेच्या जागी कुणी तार गुंडाळून भागवलंय का, गंज आहे का, हे बघा. धूळ असू द्या, धुळीचे पैसे कापू नका. गंजाचे कापा.

बहिणीला वाजवता येत नसेल तरी हरकत नाही. तिला विकणाऱ्याच्या घरी पाठवा आणि तिथून व्हिडिओ कॉल लावा. विकणाऱ्यालाच वाजवू दे. तुम्ही मोबाइलवर ट्यूनर उघडून बसा आणि पुढची परीक्षा घ्या.

पाचवी तार मोकळी छेडायची, सूर बघायचा. पहिलं पेडल दहा वेळा दाबून सोडायचं, परत मोकळी छेडायची. सूर होता तिथेच आला पाहिजे. मग हेच प्रत्येक तारेला, प्रत्येक पेडलाने, प्रत्येक लिव्हरने. लिव्हरने उतरणाऱ्या तारांकडे जास्त लक्ष द्या, कारण उतरवलेली तार परत येताना आळशीपणा करते, थोडी चढी किंवा थोडी उतरी राहते. जराशी असेल तर स्क्रू फिरवून जाते. दर वेळी वेगळ्याच ठिकाणी थांबत असेल तर ते बोट आतून अडकतंय. बहुतेकदा कारण साधं असतं, वर्षानुवर्षं घातलेल्या तेलाचा चिकटा. पेट्रोलसारख्या पातळ द्रावणाने धुऊन शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब दिला की सुटतं. पण हे विकणाऱ्याला सांगू नका. भाव करताना ते तुमच्या बाजूचं आहे.

दुसरी परीक्षा थोडी खोल. पहिली दोन पेडलं एकदम दाबून ठेवायला सांगा आणि चौथी तार, म्हणजे वरचा सा, ट्यूनरवर बघा. या पेडलांचा त्या तारेशी काही संबंध नाही, तरी ती किंचित उतरते, कारण ओढीने अख्खं धड वाकतं. तीन-चार सेंट (सेंट म्हणजे पेटीच्या शेजारच्या दोन सुरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) उतरली तर सगळ्याच गिटारी उतरतात. दहा-बारा सेंट उतरली तर धड कमकुवत किंवा कुठेतरी सांधा सुटलाय. मी तिथे गिटार सोडून देतो.

एक मात्र जपा. ट्यूनर गंधार उतरलेला दाखवेल आणि तुम्ही म्हणाल, बेसूर आहे. घाई करू नका. पेडल स्टीलवाले गंधार मुद्दाम उतरता लावतात, हार्मोनियमपेक्षा जवळजवळ चौदा सेंट खाली, म्हणजे तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येतो तिथे. आपल्या कानाला तर तोच गोड लागेल. पेटीच्या गंधाराला नाकं मुरडणारे आपले जुने गवई हे ऐकून खूश झाले असते.

बाकीचं पटापट. डावीकडे खुंट्यांजवळच्या छोट्या चाकांवरून तार जाते, ती चाकं फिरली पाहिजेत. चारही पाय आणि त्यांचे आटे बघा. पेडलांच्या उभ्या सळया तीनही आहेत का, पेडलांची आडवी पट्टी आहे का, केस आहे का, सूर लावायची किल्ली आहे का. सळई हरवलेली असेल तर घाबरू नका. ती खराद्यावर कुठलाही टर्नर बनवून देईल, एक नमुना हातात असला म्हणजे झालं. माझ्या गिटारीची मधली सळई भुसावळातच घडली आहे, आणि मूळच्या दोन्हींपेक्षा सरळ आहे, असं बनवणारा अजून सांगतो. केस नसेल तर मात्र भाव पाडा, कारण केसशिवाय विमानात टाकलेली गिटार म्हणजे मुरमुऱ्याचं पोतं.

वजनाचं बघा. दहा तारांची एकेरी (तारांचा एकच संच असलेली) गिटार केससकट पंधरापासून पंचवीस किलोपर्यंत भरते, आणि विमानात एका बॅगेला बहुतेक वेळा 23 किलोची मर्यादा असते. माझ्या भाच्याने पाय, सळया आणि पेडलं काढून दुसऱ्या बॅगेत साड्यांत गुंडाळून आणली होती. विमानतळावर साहेबाने बॅग उघडून विचारलं, ‘शिलाई मशीन आहे का?’ विकणाऱ्याकडून किमतीची सही केलेली पावती घ्यायला बहिणीला सांगा आणि कस्टमची करमुक्त मर्यादा निघायच्या आठवड्यात बघू दे, ती बदलत असते. कुरिअरचा विचार सोडा. मला एकाने सांगितलेलं भाडं गिटारीच्या निम्म्या किमतीएवढं होतं.

अँप्लिफायर तिकडून आणू नका. तिकडची वीज 120 व्होल्टची, आपली 230. गिटारीच्या पिकअपला (तारांचा आवाज पकडणाऱ्या भागाला) वीज लागत नाही, ती कुठेही चालते. पण आवाजाचं पेडल मात्र तिकडूनच आणा, हो, तेच ज्याने मला फसवलं. उजव्या पायाखाली ते नसेल तर पेडल स्टीलचा सूर ठोकळ्यासारखा पडतो, विरत जात नाही. बारही आणा, गोल, जाडजूड, पाऊण इंचाहून अधिक व्यासाचा. काकांच्या हवाईनचा बारीक बार दहा तारांवर पुरायचा नाही. अंगठ्याची आणि बोटांची नखी जळगावला मिळतील. तारांचे दोन संच आणा. तिसरी तार, वरचा गंधार, सर्वांत बारीक, 0.011 इंचाची, आणि दर वेळी मध्यमापर्यंत ताणली जाते. तीच आधी तुटते. पण तिला संच लागत नाही, इलेक्ट्रिक गिटारीची त्याच मापाची सुटी तार बसते. अर्धा डझन घेऊन ठेवा.

हिशेब करू. डॉलर 90 रुपये धरला तर 1200 चे एक लाख आठ हजार झाले. परीक्षेत सगळं ठीक निघालं तरी 1000 पासून बोलायला सुरुवात करा, 1050 ला ‘हो’ म्हणा. आवाजाचं पेडल, बार, तारा यांचे दीडशे डॉलर धरा. बरोबर एक लाख आठ हजारात सगळं बसलं. लिव्हर अडकत असेल, केस नसेल, सळई वाकलेली असेल, तर 800 च्या वर जाऊ नका आणि धड वाकत असेल तर नमस्कार करून उठा. अमेरिकेत जुनी गिटार घेतलेल्या भावात परत विकता येते, तो भरवसा इथे नाही. खानदेशात ती विकायला काढलीत तर गिऱ्हाईक मी एकटा, आणि माझ्याकडे एक आहे.

पैसे पाठवण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा. गिटारीवर हिंदी गाणी वाजवणाऱ्या व्हॅन शिप्ले किंवा सुनील गांगुलींसारखी गाणी वाजवायची आहेत की जे मोबाइलवर ऐकलं ते? गाण्याची एकेरी चाल, मींड, मुरकी यांना पेडल लागत नाही. ब्रिजभूषण काबरांनी राग वाजवले ते बार सरकवून, विश्वमोहन भट्टांना 1994 साली ग्रॅमी मिळालं तेही पेडलाशिवाय. तसलं करायचं असेल तर काकांची गिटार नीट करून घ्या, माझ्याकडे आणलीत तर तारांचेच पैसे घेईन. पण दोन सूर एकमेकांजवळून चालवायचे असतील, तर दुसरा रस्ता नाही. मग एक लाख घाला आणि पहिलं वर्ष कुणाला ऐकवू नका. दोन्ही हात, दोन्ही पाय, दोन्ही गुडघे, आणि मान तारांकडे. मला पहिला सरळ आरोह यायला चार महिने लागले, त्यात मे महिनाही आला, पारा 45 च्या पुढे, जेव्हा लावलेला सूर पंखा फिरवला तरी बदलत होता. सूर सकाळी सहाला लावायचा, आणि गिटार कूलरसमोर कधीच ठेवायची नाही.

प्रश्न : मी धुळ्याचा. मित्राचं वेल्डिंगचं दुकान आहे. जुन्या हवाईन गिटारीला सायकलच्या ब्रेकच्या केबल लावून आम्हीच पेडलं बसवली तर? लाखभर रुपये कशाला घालवायचे?

उत्तर : हसण्यासारखं काही नाही यात. अमेरिकेत पहिल्या नावाजलेल्या पेडल स्टील बनवणाऱ्यांपैकी पॉल बिग्सबी हा मूळचा मोटारसायकलवाला. त्याने 1948 साली स्पीडी वेस्ट या वादकाला गिटार बनवून दिली आणि पुढे त्याच्याकडे रांग लागली. तेव्हा वेल्डर मित्राला नाउमेद करू नका.

पण हवाईनच्या पोकळ अंगावर हात घालू नका. केबल खेचली की आधी पूल (तारा टेकतात ती पट्टी) उखडेल, मग वरची पातळ फळी. शिवाय तार नुसती मागून ओढली तर ती पुलावर घासते आणि परत जागेवर येत नाही. तारेखालचं टेकण स्वतः झुकायला हवं, तिथेच सगळी कला आहे. सागाचा दीड-दोन इंच जाडीचा, दोन-अडीच फूट लांब पाट घ्या. त्यावर दहा नको, तीनच तारा लावा : सा, ग, प. पंचमाच्या तारेखाली बिजागरीवर झुकणारं पोलादाचं बोट, दोन बाजूंना दोन अडसर, एक पंचमावर थांबवणारा आणि एक धैवतावर. केबलपेक्षा सळई बरी, केबल लांबते. बोट परत खेचायला स्प्रिंग. दाबून सोडून पन्नासदा पंचम जागेवर आला, तर तुम्हाला या यंत्रातलं बहुतेक सगळं कळलं आणि अमळनेरच्या पाहुण्यांपेक्षा स्वस्तात. नाही आला तर बोटाच्या खिळीला ढिलेपणा आहे, भोक रीमरने साफ करून जाड खीळ घाला.

पाट तयार झाला की फोटो पाठवा. कुठून काढायचा ते वर सांगितलंच आहे.